शिरूर-दौंडचे शिखर

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके. दोहोंतही नजर पोहोचेल तेथवर माळ, नदीकाठच्या काळ्या रानाचे पट्टे, मधून मधून उसाचा हिरवा चौकोन आणि क्षितिजाशी एखादी बोडकी टेकडी, एवढेच भूमीचे रूप दिसते. दौंडच्या दक्षिणेस भुलेश्वराची डोंगररांग सिंहगडाकडून पूर्वेस उतरत येते खरी. यवतेकडून त्या डोंगरावर गेले म्हणजे पुरंदर तालुक्याच्या हद्दीतील यादवकालीन शिवमंदिर आणि त्यातील गणेशाची स्त्रीरूप मूर्ती पाहावयास मिळते. परंतु ही रांग येथवर येईतो थकून गेलेली असते. तिला डोंगर म्हणावे; शिखर म्हणणे म्हणजे तिचा उगाच गौरव करणे होय.

असे असूनही या दोन तालुक्यांचे स्वतःचे म्हणावे असे एक शिखर आहे. ते त्यांच्या हद्दीत नाही. शिरूरपासून वायव्येस सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर आणि दौंडपासून त्याच दिशेस सव्वाशे किलोमीटरांहून थोडे अधिक गेले की दख्खनचे पठार एकाएकी संपते आणि पुढे कोकणाची पोकळी लागते. त्या काठावर भीमाशंकर आहे. तेथे उगम पावणारी भीमा दौंड शहराला लागून वाहते. त्याच काठावर थोडे उत्तरेस आंबेगाव तालुक्यातील आहुपे गाव आहे. त्याच्या परिसरात घोड नदी उगम पावते आणि तिच्या तीरी शिरूर वसले आहे. ज्या शिरूरला जुन्या पिढीतील माणसे अजून 'घोडनदी' म्हणतात, ते नाव याच प्रवाहाचे. दोन गावे, दोन नद्या, आणि उगम मात्र एकाच कड्याच्या दोन कोपऱ्यांवर. पुढे शिरूरचा वळसा घेऊन घोड खाली येते, दौंडच्या वरच्या अंगास सांगवीजवळ भीमेस मिळते, आणि कड्यावर फारकत झालेले पाणी पुनः एक होते.

शिखर हा शब्द ऐकला म्हणजे शाळेत भूगोल शिकलेल्या मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम आल्प्सचे किंवा हिमालयाचे चित्र उभे राहते. निमुळते टोक, बारमाही बर्फ, खाली उतरणारी हिमनदी आणि दोरखंड बांधून चढणारी माणसे, असे ते चित्र असते. भूगोलवेत्ते 'आल्पीय' हा शब्द जरा काटेकोरपणे वापरतात. डोंगरावर ज्या उंचीच्या वर थंडीमुळे झाड वाढू शकत नाही, ती वृक्षरेषा. तिच्या वरचा गवताचा, खडकाचा आणि बर्फाचा जो प्रदेश, तो आल्पीय होय. प्रत्यक्ष आल्प्समध्ये ही रेषा २,००० मीटरांच्या मागे-पुढे सापडते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे ते उचलून आल्प्समध्ये नेऊन ठेवले, तर त्याचा माथा झाडीतून वरही निघणार नाही. भीमाशंकरचे मंदिर तर १,००० मीटरांच्या आसपास आहे, आणि त्याजवळचे सर्वांत उंच टोक नागफणी हे बाराशेंच्या थोडे वर. हवेचे तापमान दर किलोमीटर उंचीस सर्वसाधारणपणे सहा-साडेसहा अंशांनी उतरते. आपल्या अक्षांशावर पावसाळ्यात पाणी गोठेल अशी थंडी गाठावयाची म्हटल्यास साडेपाच किलोमीटरांच्या आसपास वर जावे लागेल. नागफणी त्या उंचीच्या चतुर्थांशासही पोहोचत नाही.

तेव्हा उंचीच्या हिशेबात हे शिखर अगदीच सामान्य ठरते. पण शिखराचे मोल केवळ उंचीने करणे बरोबर नाही. ते कशाने घडले आणि काय घडविते हेही पाहावे लागते.

आल्प्स आणि हिमालय हे वळ्यांचे पर्वत आहेत. पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांवर रेटले गेले, मधले थर चुरगळून वर उचलले गेले आणि त्यांची शिखरे झाली. सह्याद्रीची कथा याच्या जवळ जवळ उलट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर असा आडवा पसरत गेला. त्या थरांचा खडक म्हणजे आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. काही थर कठीण, काही भुसभुशीत. त्यामुळे झीज होताना कठीण थराची उभी भिंत राहते आणि मऊ थराची पायरी पडते. कोणताही सह्याद्रीचा डोंगर बाजूने पाहिला तर तो एखाद्या प्रचंड जिन्यासारखा का दिसतो, याचे कारण हेच. या खडकाचे इंग्रजीतील 'ट्रॅप' हे नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. पुढे पश्चिमेची भूमी तुटून खाली गेली, समुद्र आत आला, आणि कोटी कोटी वर्षे पावसाने व ओढ्यांनी पठाराचा पश्चिम काठ कुरतडून पूर्वेस मागे सारला. थोडक्यात, आल्प्सची शिखरे उचलली गेली आहेत, सह्याद्रीची उरलेली आहेत. आहुप्याच्या कड्यावरून कोकणात पाहिले तर गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे दोन सुळके खाली सुटे उभे दिसतात. पठार मागे हटत गेले तेव्हा त्याच्या भिंतीतून निसटून मागे राहिलेले हे दोन खांब होत.

या रचनेतून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. दौंड समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांच्या किंचित वर आहे. शिरूर त्याहून थोडे उंच. म्हणजे शिरूरकर भीमाशंकरास निघाला, तर शंभर किलोमीटरांच्या वाटेत तो जेमतेम चार-साडेचारशे मीटर चढतो. मंचर, घोडेगाव, डिंभे असा घाटरस्त्याने एस.टी.चा प्रवास करून तो शिखरावर येऊन उभा राहतो आणि आपण शिखरावर आलो याचा त्याला पत्ताही नसतो. उलट, कोकणातील खांडस गावातून निघालेला मनुष्य शंभर-दीडशे मीटर उंचीवरून निघून थोडक्या किलोमीटरांत साडेआठशे मीटर चढतो. एकाच स्थळास पूर्वेकडून येणारा 'माथा' म्हणतो आणि पश्चिमेकडून येणारा 'भिंत' म्हणतो, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते.

भीमेचा प्रवाहही या भिंतीने कायमचा पूर्वेस वळविला आहे. उगमापासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही दूर नाही. तरीही हे पाणी त्याकडे पाठ फिरवून खेड, शिरूर, दौंड, पंढरपूर असे सुमारे साडेआठशे किलोमीटर चालत जाते, रायचूरच्या परिसरात कृष्णेस मिळते आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात पडते. आहुप्याच्या किंवा भीमाशंकरच्या कड्यावर पडलेला एक थेंब दोन हात पश्चिमेस पडला तर दिवसा-दोन दिवसांत कोकणातील खाडीस लागावा; दोन हात पूर्वेस पडला तर त्याच्या नशिबी अर्ध्या भारताची यात्रा यावी, असा हा काठ आहे.

याच भिंतीवर शिरूर आणि दौंडच्या पावसाचे भवितव्य ठरते. जून महिन्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे अरबी समुद्रावरून बाष्पाचे ओझे घेऊन येतात. कोकणची सपाटी ओलांडली की त्यांच्यापुढे ही भिंत उभी राहते. वारा वर चढू लागतो; वर चढला की पसरतो, पसरला की थंड होतो, आणि थंड हवेला तितके बाष्प धरून ठेवता येत नाही. ते सर्व काठावर आणि काठाच्या किंचित मागे ओतले जाते. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मिलिमीटराचा हिशेब ज्यांस अपरिचित असेल त्यांनी असे समजावे की, एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा चौकोनावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा माथ्यावरच्या अशा प्रत्येक चौकोनास वर्षात तीन हजार लिटर पाणी मिळते. भिंत ओलांडून वारा पूर्वेस उतरू लागला की क्रिया उलटते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. घोडेगावास येईतो पाऊस निम्म्याहूनही खाली येतो. शिरूर आणि दौंड येथे तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास घुटमळतो, आणि वाईट वर्षी तेवढाही पडत नाही. आषाढात दौंडचा शेतकरी ज्या ढगांकडे पाहत असतो, ते ढग असतात खरे. पण त्यांनी आपली ओंजळ डोंगरावरच रिकामी केलेली असते.

म्हणूनच या भागातील खरा भरवसा मोसमाच्या सुरुवातीवर नसून अखेरीवर असतो. भाद्रपद-आश्विनात, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत, दुपारी ढग चढून संध्याकाळी विजांसह कोसळणारा जो परतीचा पाऊस, त्याला सह्याद्रीची भिंत आड येत नाही. त्याच्या ओलीवर शाळू उभा राहतो. हा पाऊस चुकला म्हणजे काय होते हे १९७२च्या दुष्काळाने या दोन्ही तालुक्यांस दाखविले. अवर्षणप्रवण असा सरकारी शिक्का त्यांच्यावर आहे, आणि तो उगाच बसलेला नाही.

आता माथ्याकडे वळू. पावसाळ्याचे चार महिने भीमाशंकर धुक्यात बुडालेले असते. दहा पावलांवरचा मनुष्य दिसत नाही आणि वाळत घातलेले वस्त्र आठ-आठ दिवस ओलेच राहते. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा यांचे दाट रान, त्यांच्या खोडांवर शेवाळ आणि आमरी, उतारावर सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, असा तेथील वनस्पतिसंभार आहे. या रानात शेकरू राहते. ही तांबूस रंगाची, लांब झुपकेदार शेपटीची मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, आणि प्रामुख्याने तिच्यासाठी १९८५ साली सुमारे १३० चौरस किलोमीटरांचे अभयारण्य येथे घोषित झाले. पावसाळी रात्री कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या एका जातीच्या बुरशीमुळे काही ठिकाणी जंगलाची जमीन हिरवट प्रकाशाने मंद उजळते. भुताखेतांच्या अनेक गोष्टींचा उगम बहुधा या प्रकाशातच असावा. जंगलातील काही भाग देवरायांचे आहेत. आहुप्याची देवराई त्यांपैकी प्रसिद्ध आहे. देवाच्या नावाने कोयता न लावलेल्या या तुकड्यांचा शास्त्रीय अभ्यास १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी केला, तेव्हा ग्रामस्थांच्या श्रद्धेने किती जुने जंगल राखले आहे ते अभ्यासकांस नीट कळले. येथील बहुसंख्य वस्ती महादेव कोळी समाजाची. उतारावरची भातशेती आणि जंगलातला हिरडा ही त्यांची उपजीविका.

याच लोकांच्या वाट्यास एक विलक्षण विपरीत गोष्ट येते. जेथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्या माथ्यावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याचे हाल होतात. कठीण पाषाणात पाणी मुरत नाही, उतार तीव्र, मातीचा थर पातळ; आलेले पाणी थांबतच नाही. झाडीखालची माती आणि पालापाचोळा जेथे शाबूत आहे तेथे झरे जरा लांबवर टिकतात, एवढाच काय तो अपवाद.

या काठावर चढण्याच्या वाटा प्राचीन आहेत. माँ ब्लाँ हे आल्प्समधील ४,८०० मीटरांहून उंच शिखर १७८६ साली प्रथम सर झाले. त्यामागे शास्त्रीय जिज्ञासा होती, बक्षिसाचा लोभ होता, साहस होते. पोटासाठी त्या शिखरावर चढण्याचे कारण कोणासच नव्हते. सह्याद्रीत मात्र माणूस मुळात पोटासाठीच चढला. कोकणातले मीठ वर यावे, देशावरचे धान्य खाली जावे, यासाठी बैलांच्या आणि माणसांच्या पावलांनी या वाटा पडल्या. कुकडी नदीच्या उगमाजवळचा नाणेघाट आणि त्यातील सातवाहनकालीन लेख याची साक्ष दोन हजार वर्षे देत आहेत. आहुपे घाट त्याच जातीचा. भीमाशंकरच्या वाटांनी व्यापाराबरोबर यात्राही नेली.

खांडसहून वर जाण्याच्या दोन वाटा आहेत. कर्जतेहून अथवा नेरळहून कशेळ्यावरून खांडसला पोहोचता येते. गावापुढे वाट फुटते. उजवीकडची गणेश घाटाची वाट लांब पण सोपी आहे. तास-दीड तासात गणपतीचे छोटे देऊळ लागते आणि मग पदरगडाच्या कड्याला वळसा घालून वाट आडवी जाते. दुसरी शिडी घाटाची वाट थेट कड्यास भिडते. तेथे खडकाच्या उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. शिडी आणि खडक यांच्यामधली पावले जपून टाकावी लागतात. उन्हाळ्या-हिवाळ्यात ही वाट थरारक आहे. पावसाळ्यात ती धोक्याची आहे, आणि थरार व धोका यांतला फरक ज्यांस कळत नाही अशांनी तिकडे न फिरकणे बरे. दोन्ही वाटा मधल्या पदरावर एकत्र येतात. तेथे वस्ती आहे, थोडा विसावा आहे. त्यानंतरची शेवटची चढण दाट झाडीतून आहे, आणि दमलेल्या पायांना तीच सर्वांत लांब वाटते. सर्व मिळून पाच-सहा तासांचे चालणे होते. माथ्यावर तळे लागते, मग मंदिराच्या पायऱ्या. मंदिरापासून थोडे पूर्वेस जंगलात गुप्त भीमाशंकर आहे. उगमाशी लुप्त झालेली भीमा तेथे पुनः प्रकट होते अशी श्रद्धा आहे.

मंदिरासमोर युरोपीय घडणीची एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या वेळी तेथील चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक असे मानतात. त्याच घंटांपैकी एक शिरूरच्या रामलिंग मंदिरासही दिली गेल्याचे सांगतात. एका नदीच्या उगमी एक आणि दुसरीच्या तीरी एक, अशी ही वाटणी झाली.

चढण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा स्वच्छ असते, वाट कोरडी असते आणि नागफणीवरून कोकण नकाशासारखे उलगडलेले दिसते. वाऱ्यामुळे टोकावर उभे राहणे कठीण होते, एवढे मात्र ध्यानात धरावे. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी सर्वांत अधिक आणि वाट सर्वांत वाईट, हा योग दुर्दैवाचा आहे. धबधब्यांखाली आणि कड्यांच्या काठी अपघात होतात, म्हणून जिल्हा प्रशासन व वनखाते पावसाळ्यात वेळोवेळी बंदीहुकूम काढीत असतात. याच कड्यांवर दोर टाकावयास शिकलेले पुणेकर तरुण पुढे खऱ्या हिमशिखरांवर गेले, हेही सांगितले पाहिजे. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' या संस्थेचे आठ गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. बर्फ त्यांना हिमालयात भेटला. पाषाणाची पकड मात्र त्यांनी सह्याद्रीतच कमावलेली होती.

परंतु या उतारांचा सर्वांत दारुण प्रसंग गिर्यारोहणाचा नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मागचा डोंगर कोसळला. नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आलेल्या एस.टी.च्या चालकास गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्याकडून ही वार्ता बाहेर गेली. दीडशेहून अधिक माणसे गेली. अखंड कोसळणारा पाऊस हे तात्कालिक कारण उघड होते. पण तीव्र उतारावर शेतीसाठी जमीन सपाट करताना झालेली खोदाई आणि झाडीचा ऱ्हास यांचाही विचार त्या वेळी पुष्कळ झाला. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले आणि २०१७ साली ते त्यांच्या स्वाधीन झाले. खालच्या तालुक्यांस नदी भरून येताना दिसते, तेव्हा वरच्या तालुक्यात काय चालले असेल याची कल्पना या एका घटनेवरून करावी.

हिमशिखर आणि हे शिखर यांतील खरा भेद आता सांगता येईल. हिमशिखर पाणी केवळ झेलीत नाही, ते साठवूनही ठेवते. हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो, म्हणून आल्प्समधील हिमनदीतून निघणारी ऱ्होन नदी आणि गंगोत्रीच्या हिमनदीतून निघणारी गंगा ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून राहत नाहीत. सह्याद्रीच्या शिखरास अशी तिजोरी नाही. त्याला जूनमध्ये मिळालेले ते जूनमध्येच देऊन टाकते, आणि ऑक्टोबर संपला की त्याचे हात रिते होतात. भीमा व घोड या नद्या श्रावणात दुथडी भरून वाहतात आणि वैशाखात त्यांच्या पात्रांत वाळू तापते, याचे मूळ हे आहे.

जी तिजोरी निसर्गाने दिली नाही ती माणसास बांधावी लागली. घोडेवर माथ्याजवळ डिंभे धरण आहे. त्याची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरांत सुमारे २,८३० कोटी. खाली शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ १९६५ सालचे घोड धरण आहे. भीमेवर खेड तालुक्यात चासकमान आहे, आणि त्याचा कालवा शिरूरच्या रानात येतो. दौंड तालुक्यास खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळते. मुळा-मुठाही रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळून दौंडकडे येते. मात्र ते पाणी पुणे शहरातून येते, आणि त्याची कथा निराळी व फारशी सुखद नाही. ही धरणे म्हणजे या शिखराच्या हिमनद्याच होत. परंतु मातीत बांधलेल्या. हिमनदीस गाळ भरत नाही. धरणास तो भरतो. देशावरील जलाशयातून उन्हामुळे वर्षाकाठी दीड-दोन मीटर उंचीचे पाणी नुसते उडून जाते. आणि हिमनदी बुडवीत नाही अशी गावे धरण बुडविते. डिंभ्याच्या जलाशयाखाली माथ्यावरील आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्या पाण्यावर उसाचे मळे मात्र खालच्या बाजूस पिकले.

शिखराचे पाणी धरणांच्या आधी कसे धावत असे, हे पाहावयाचे तर शिरूर तालुक्यातील टाकळी हाजीस जावे. कुकडी नदी शिरूरच्या वरच्या अंगास घोडेस मिळते. तिच्या पात्रात टाकळी हाजी आणि पलीकडचे पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामध्ये काळा पाषाण असंख्य रांजणांच्या आकारात कोरलेला आहे. दोन्ही तीरांवर मळगंगेची देवळे आहेत. हे कोरीव काम कोणा शिल्पकाराचे नाही. पुराच्या लोंढ्याबरोबर घाटावरून निघालेले दगडगोटे खडकाच्या खळग्यात अडकतात, भोवऱ्यात सापडून गरगर फिरतात आणि स्वतः झिजता झिजता खळगा खोल करीत जातात. एक गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. काही खळगे मनुष्य बुडेल इतके खोल आहेत. खडकासारखा खडक जेथे पोखरला गेला, तेथे किती पावसाळे गेले असतील, याचा हिशेब पात्रात उतरून उन्हाळ्यात शांतपणे करता येतो.

पाणी अडविले की त्याच्या वाटणीचा प्रश्न ओघानेच येतो. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे आहेत. डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात न्यावे की नाही, यावरून आंबेगाव-शिरूर एका बाजूस आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जत हे अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुके दुसऱ्या बाजूस असा वाद अलीकडच्या वर्षांत पेटला आहे. दोन्ही बाजूंची शेते कोरडी आहेत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे पोटातून आलेले आहे. वादाचा निकाल काहीही लागो, वाटावयाचे पाणी मात्र त्या अरुंद काठावर चार महिन्यांत पडेल तेवढेच असणार.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर झड लागली, वरची धरणे भरली आणि दारे उघडली की ते पाणी भीमेतून दौंडच्या पुलाखाली येते. तेथे प्रवाह मोजला जातो, आणि 'दौंड येथील विसर्ग' इतके हजार क्युसेक अशी बातमी निघते. दौंडकर स्वतः ती एका कानाने ऐकतात. त्यांच्या गावात त्या वेळी बहुधा ऊन पडलेले असते. पण खाली उजनीच्या जलाशयाकडे डोळे लावून बसलेले इंदापूर, पंढरपूर, सोलापूर येथील लोक सकाळी वर्तमानपत्र हाती पडताच प्रथम तोच आकडा शोधतात.